शेजारधर्म आणि सीमाशुल्क : 'साफ्टा' कराराची तळीयेहून केलेली चिकित्सा

प्रस्तावना

महाड तालुक्यातील तळीये हे गाव २२ जुलै २०२१ रोजी दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे दगावल्यामुळे साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक झाले. त्यापूर्वी तालुक्याबाहेर या गावाचे नाव क्वचितच कोणी घेत असे. डोंगरउतारावरील वरकस जमिनीत नाचणी व वरी, खालच्या खाचरांत पावसाळी भात आणि घरातील कमावती माणसे मुंबई-पुण्याला, अशी महाड-पोलादपूर पट्ट्यातील बहुतेक गावांची घडी आहे व तळीये तिला अपवाद नाही. येथून कोणताही शेतमाल परदेशी जात नाही. पिकते ते बहुतांशी घरातच खपते. अशा गावात उभे राहून शेजारी राष्ट्रांमधील मुक्त व्यापार करारांचा विचार करणे काही वाचकांना विपरीत वाटण्याचा संभव आहे.

तथापि तळीयेतील घर शेतमालाचा विक्रेता म्हणून जितके नगण्य, तितकेच ग्राहक म्हणून बाजाराशी बांधलेले आहे. कांदा घाटावरून येतो, तूरडाळ आणि खाद्यतेल महाडच्या बाजारातून. पूर्वीही हे असेच होते. वरंधा व आंबेनळीच्या घाटांनी देशावरचे धान्य, गूळ, कांदा खाली उतरे आणि मीठ, सुकी मासळी, नारळ वर जाई. सावित्रीच्या खाडीवरचे महाड ही या देवघेवीची पेठ होती. आज फरक एवढाच, की या डाळीत ब्रह्मदेशाची तूर असू शकते आणि तेलाच्या पिशवीत नेपाळमार्गे आलेले सोयातेल. केंद्र शासन जेव्हा जेव्हा कांद्याची निर्यात थांबवते, तेव्हा ते सामान्य ग्राहकाचे, म्हणजे अशाच घराचे, नाव पुढे करते. ज्याच्या नावाने निर्णय होतो त्याच्या दारातून त्या निर्णयाकडे पाहण्याचा अधिकार अभ्यासकाला असावयास हरकत नाही.

दक्षिण आशियाई मुक्त व्यापार क्षेत्राचा करार, म्हणजेच 'साफ्टा', हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे. या करारावर आपल्याकडे जे लेखन होते ते मुख्यतः आयात शुल्क किती टक्क्यांनी उतरले आणि व्यापार किती वाढला, या दोन प्रश्नांभोवती फिरते. प्रस्तुत लेखकाच्या मते शेतमालाच्या बाबतीत हा मोजपट्टीचाच दोष आहे. नाशवंत मालाच्या व्यापारास शुल्कातील सवलतीपेक्षा निश्चितीची गरज अधिक असते. सीमा उद्या उघडी असेल किंवा नसेल, हे पेरणीच्या वेळी सांगता यावे लागते. नेमक्या याच ठिकाणी करार निसरडा आहे. तो जेथे उपयोगी पडायला हवा तेथे गप्प बसतो आणि जेथे कोणी त्याला बोलावले नाही तेथे भलत्याच मालाला वाट करून देतो.

कराराची संहिता

'साफ्टा'वर ६ जानेवारी २००४ रोजी इस्लामाबाद येथील सार्क शिखर परिषदेत स्वाक्षऱ्या झाल्या व १ जानेवारी २००६ पासून तो अमलात आला. त्याआधी भारत व श्रीलंका यांनी २८ डिसेंबर १९९८ रोजी आपसांत स्वतंत्र करार केला होता आणि तो १ मार्च २००० पासून लागू होता. 'साफ्टा'त प्रत्येक देशाने आपली संवेदनशील वस्तूंची यादी बाजूला काढून ठेवावी व उरलेल्या वस्तूंवरील शुल्क टप्प्याटप्प्याने उतरवावे, अशी रचना आहे. अल्पविकसित देशांना झुकते माप आहे. भारताने २०११ च्या नोव्हेंबरात या देशांसाठीची आपली यादी ४८० वस्तूंवरून २५ वर आणली आणि त्या पंचवीस वस्तूही मद्य व तंबाखू यांच्याशी संबंधित होत्या. बांगलादेश, नेपाळ व भूतान यांच्या जवळजवळ सर्व मालाला भारताची बाजारपेठ शुल्कमुक्त झाली, ही गोष्ट भारतावर नेहमी टीका करणारे विसरतात. एवढे होऊनही सार्क देशांचा आपसांतील व्यापार त्यांच्या एकूण व्यापाराच्या सुमारे पाच टक्क्यांच्या आसपासच घोटाळत राहिला.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना जेकब वायनर यांचा १९५० मधील सीमाशुल्क संघांवरील ग्रंथ परिचित असतो. करारामुळे स्वस्त उत्पादकाकडून माल येऊ लागला तर व्यापाराची निर्मिती झाली व केवळ सवलतीमुळे महाग उत्पादकाकडे मागणी वळली तर व्यापाराचे विचलन झाले, हा त्यांचा भेद आजही उपयोगाचा आहे. मात्र त्याच्या मुळाशी एक गृहीतक दडलेले आहे. शुल्क हीच सीमेवरची मुख्य भिंत, आणि ती एकदा उतरवली की उतरलेली राहते, असे त्यात धरलेले असते. आपल्या महाविद्यालयांतील पाठ्यपुस्तके हेच गृहीतक निमूटपणे पुढे चालवतात. वर्गात शिकवताना ते सोयीचे पडते, हे मान्य करायला हवे.

संहिता बारकाईने वाचली असता दोन जागी थांबावे लागते. पहिली जागा शुल्कसदृश आकारांची. केवळ आयातीवर बसवलेले, नावाने शुल्क नसलेले पण परिणामाने शुल्कच असलेले कर कोणते, याची व्याख्या करार स्वच्छ शब्दांत देतो. परंतु त्यांचे पुढे काय करायचे? तर ते दरवर्षी सार्क सचिवालयास कळवावेत आणि तज्ज्ञ समितीने त्यांचा आढावा घ्यावा. व्याख्येतील ठामपणा उपायापर्यंत पोचत नाही. दुसरी जागा संख्यात्मक निर्बंधांची. शुल्कसवलतीच्या कार्यक्रमातील वस्तूंवरील असे निर्बंध सदस्यांनी दूर करावेत असे सातवे कलम सांगते. पण १९९४ च्या 'गॅट'ने ज्यांना मुभा दिली आहे ते निर्बंध वगळून. 'गॅट'च्या अकराव्या कलमाने अन्नपदार्थांची तीव्र टंचाई टाळण्यासाठी तात्पुरती निर्यातबंदी चालते. अशा रीतीने मागल्या दाराची किल्ली कराराने स्वतःच टांगून ठेवली आहे.

कांदा

या किल्लीचा वापर भारताने ज्या पिकासाठी वारंवार केला ते पीक महाराष्ट्राचे आहे. २९ सप्टेंबर २०१९ रोजी कांद्याची निर्यात बंद झाली, ती २०२० च्या मार्चच्या मध्यास खुली झाली. १४ सप्टेंबर २०२० रोजी पुन्हा बंद झाली व १ जानेवारी २०२१ पासून उघडली. १९ ऑगस्ट २०२३ रोजी ४० टक्के निर्यात शुल्क बसले, ऑक्टोबरच्या अखेरीस टनामागे ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य आले आणि ८ डिसेंबर २०२३ रोजी सरसकट बंदी झाली. ४ मे २०२४ रोजी, लोकसभा निवडणुकीचे मतदान चालू असताना, ५५० डॉलर किमान मूल्य व ४० टक्के शुल्क लावून ती उठली. १३ सप्टेंबर २०२४ रोजी किमान मूल्य गेले, शुल्क निम्म्यावर आले, आणि १ एप्रिल २०२५ पासून तेही संपले. साडेपाच वर्षांचा हा इतिहास कोणत्याही मुक्त व्यापार कराराच्या बाहेर घडलेला नाही. 'साफ्टा' या संपूर्ण काळात अमलात होता.

या तारखा पिकाच्या वेळापत्रकाशेजारी ठेवल्या की खरी हानी दिसते. उन्हाळी कांद्याचे रोप हिवाळ्याच्या तोंडाशी टाकतात, डिसेंबर-जानेवारीत लागण होते, एप्रिल-मेमध्ये काढणी. हा कांदा चाळीत काही महिने टिकतो. वजनात घट व मोड यांचा तोटा सोसून शेतकरी थांबू शकतो. खरिपाचा लाल कांदा मात्र थांबत नाही, त्याला काही आठवड्यांतच विकावे लागते. २०२३ ची बंदी आली ती हाच लाल कांदा लासलगाव-पिंपळगावच्या बाजारात उतरत असताना. चाळीतल्या मालावर बंदी आली तर शेतकऱ्याचा नफा जातो, लाल कांद्यावर आली तर घातलेला खर्चही निघत नाही. आदेश काढणाऱ्या कार्यालयात हे दोन्ही कांदे एकाच नावाने ओळखले जातात.

सीमेपलीकडे काय झाले तेही पाहावे. बांगलादेश हा भारतीय कांद्याच्या सर्वांत मोठ्या ग्राहकांपैकी एक. २०१९ च्या बंदीनंतर तेथे भाव इतके चढले, की कांदा विमानाने आणण्याची पाळी आली. तत्कालीन पंतप्रधान शेख हसीना यांनी ४ ऑक्टोबर २०१९ रोजी नवी दिल्लीतील उद्योजकांच्या मेळाव्यात, आपण स्वयंपाक्याला कांद्याविना जेवण करायला सांगितले आहे, असे हसत हसत सुनावले आणि निदान आधी कळवत जा, अशी अपेक्षा व्यक्त केली. पुढच्याच वर्षी बंदी पुन्हा अचानक आली, पेट्रापोलसारख्या भूसीमांवर कांद्याचे ट्रक अडकून पडले, आणि दोन देशांत यापूर्वी झालेल्या चर्चेची आठवण बांगलादेशाने भारताला करून दिली. योगायोग असा, की ही बंदी आली त्याच्या दुसऱ्याच दिवशी लोकसभेने अत्यावश्यक वस्तू कायद्यातील दुरुस्ती संमत करून कांदा-बटाट्यासारख्या वस्तू नेहमीच्या साठानियंत्रणातून मुक्त केल्या. देशात शेतकरी मुक्त, सीमेवर बंद, असा तो सप्टेंबर होता.

बांगलादेशाने यातून जो धडा घ्यायचा तो घेतला. पाकिस्तान, चीन, इजिप्त, तुर्कस्तान, म्यानमार येथून कांदा आणण्याच्या वाटा त्याने शोधल्या, स्वतःचे उत्पादन वाढवण्यावर भर दिला आणि आपले पीक बाजारात असताना आयात परवाने रोखून धरण्याची पद्धतही अवलंबली. हे सर्व आपल्याविरुद्ध आहे असे मानण्याचे कारण नाही. विश्वासार्ह नसलेल्या पुरवठादाराशी कोणताही शहाणा गिऱ्हाईक असाच वागेल. परिणाम मात्र नाशिकच्या शेतकऱ्यालाच भोगावा लागतो, कारण बंदी उठली तरी गिऱ्हाईक पूर्वीच्या प्रमाणात परत येत नाही.

येथे कायद्याचा एक मुद्दा नोंदवणे आवश्यक आहे, कारण आपल्याकडील चर्चेत तो जवळजवळ येतच नाही. जागतिक व्यापार संघटनेच्या कृषी करारातील बारावे कलम असे सांगते, की अन्नपदार्थांच्या निर्यातीवर निर्बंध घालणाऱ्या देशाने आयातदार देशाच्या अन्नसुरक्षेचा यथोचित विचार करावा आणि आगाऊ लेखी सूचना द्यावी. विकसनशील देशांना यातून सूट आहे. परंतु तो देश त्या विशिष्ट पदार्थाचा निव्वळ निर्यातदार असेल तर ही सूट मिळत नाही. भारत कांद्याचा निव्वळ निर्यातदार आहे. म्हणजे जी पूर्वसूचना मागताना शेजारी देशाच्या पंतप्रधानांना विनोदाचा आधार घ्यावा लागला, ती देण्याचे तत्त्व भारताने १९९५ पासून मान्य केलेले आहे. प्रादेशिक कराराने जागतिक कराराच्या पुढचे पाऊल टाकावे अशी अपेक्षा असते. 'साफ्टा' या बाबतीत त्याच्याही मागे राहिला.

आता तळीयेच्या ग्राहकाकडे वळू. त्याच्यासाठी म्हणून जी बंदी घातली गेली तिचा त्याला लाभ झाला काय? काही प्रमाणात होतो, हे नाकारण्यात प्रामाणिकपणा नाही. बंदीनंतर घाऊक भाव पडतात. परंतु लासलगावची पडझड एका दिवसात होते आणि महाडच्या किरकोळ दुकानात ती सावकाश व अपुरी पोचते. भाव चढताना मात्र असा विलंब लागत नाही. कृषिपणनाच्या अभ्यासकांना हा असमतोल चांगला परिचित आहे. शिवाय कोकणातील घराची एक जुनी व्यवस्था होती. चैत्र-वैशाखात पावसाळ्याची बेगमी केली जाई. सुकी मासळी, मीठ, मसाला यांच्याबरोबर कांद्याच्या माळी आढ्याला टांगल्या जात. घाट बंद होणार, रस्ते वाहून जाणार, हे ठाऊक असल्यामुळे कांदा सर्वांत स्वस्त असतानाच तो भरून ठेवला जाई. निश्चिती विकत घेण्याची ती रीत होती, आणि तिला ना निर्यातबंदी लागे ना करार. नोकरीसाठी रिकामी होत गेलेली घरे आणि आठवड्याच्या खरेदीवर आलेला संसार यांमुळे ती मागे पडली. शासनाचा राखीव साठा हे त्याच बेगमीचे मोठे रूप आहे, आणि ग्राहकाचे हित साधायचेच असेल तर त्या साठ्याची खरेदी-विक्री वेळेवर होणे हा निर्यातबंदीहून कमी जाचाचा मार्ग आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

बंदीच्या काळातही सीमा पूर्णपणे बंद नव्हती, हे लक्षात घेतले म्हणजे प्रश्नाचे स्वरूप अधिक स्पष्ट होते. १ मार्च २०२४ रोजी बांगलादेशासाठी ५० हजार टन कांदा एका राष्ट्रीय सहकारी निर्यात संस्थेमार्फत पाठवण्यास परवानगी मिळाली. एप्रिलच्या अखेरीस बांगलादेश, संयुक्त अरब अमिराती, भूतान, बहरीन, मॉरिशस व श्रीलंका या सहा देशांसाठी मिळून ९९ हजार १५० टनांची मुभा जाहीर झाली. म्हणजे शेजाऱ्यास कांदा मिळाला. पण कराराने दिलेला हक्क म्हणून मिळाला नाही, राजनैतिक कृपा म्हणून मिळाला. किती, केव्हा, कोणामार्फत, हे सारे दिल्लीने ठरवले. ज्या कराराचे पक्षकार एकमेकांना कृपेने माल देतात, त्याला मुक्त व्यापार म्हणणे हा शब्दांचा सैल वापर आहे.

संत्री

कांद्याच्या बाबतीत भारत विक्रेता म्हणून बेभरवशाचा ठरला. संत्र्याच्या बाबतीत बांगलादेश ग्राहक म्हणून तसाच ठरला. अमरावती जिल्ह्यातील वरूड-मोर्शी आणि नागपूर जिल्ह्यातील काटोल-नरखेड येथील संत्र्याला बांगलादेश ही फार मोठी बाहेरची पेठ होती. २०१९ ते २०२३ या काळात तेथे किलोमागे पडणारा आयातकराचा बोजा चौपटीहून अधिक वाढला. निर्यात आटली, माल देशातच साचला आणि बागांतील भाव कोसळला. आमच्या कांद्याचा सूड म्हणून हे झाले, असे विदर्भात सर्रास बोलले जाते. हे स्पष्टीकरण लोकप्रिय असले तरी ते तपासून घ्यायला हवे. २०२२ च्या मे महिन्यात बांगलादेशाने परकीय चलन वाचवण्यासाठी शंभराहून अधिक वस्तूंवरील नियामक शुल्क वाढवले. फळांवरील हे शुल्क ३ टक्क्यांवरून २० टक्के झाले, आणि ते एकट्या भारतीय फळांपुरते नव्हते. सूडाची कल्पना मनाला पटते. कागद दुसरेच सांगतो.

परंतु याच कागदात कराराचे अपयश उघड होते. मूळ सीमाशुल्क, त्यावर नियामक शुल्क, त्यावर पूरक शुल्क, मग मूल्यवर्धित कर आणि आगाऊ आयकर, अशी ही उतरंड आहे. 'साफ्टा'ची वाटाघाट उतरंडीतल्या पहिल्या मडक्याची झाली, वरची मडकी जिथल्या तिथे राहिली. शुल्कसदृश आकारांची व्याख्या करून जो करार थांबतो, त्याचे असेच होणार.

यावर महाराष्ट्र शासनाने जो उपाय केला तो या विषयाच्या अभ्यासकाने विसरू नये असा आहे. २०२३ च्या डिसेंबरात, नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाच्या काळात, संत्रा निर्यातदारांना बांगलादेशच्या आयात शुल्काच्या निम्म्याइतके अनुदान देण्याचे ठरले. शेजारी राष्ट्राने आपल्या तिजोरीसाठी बसवलेल्या कराचा अर्धा भार भारतातील एका घटकराज्याने उचलायचा! दोन्ही देश मुक्त व्यापार कराराचे सदस्य असताना. बागायतदाराची त्या हंगामातील निकड पाहता या निर्णयाला दोष देववत नाही. तरीही २०१५ च्या नैरोबी परिषदेत शेतमालाची निर्यात अनुदाने संपवण्याचे ठरले होते आणि विकसनशील देशांना मिळालेली वाहतूक-विपणनाची शेवटची सवलतसुद्धा २०२३ च्या अखेरीपर्यंतच होती, हे ध्यानात घेतले तर असे अनुदान पुढे किती काळ चालवता येईल, हा प्रश्न उरतोच. शिवाय अनुदान जाते निर्यातदाराच्या हाती. झाडाखालच्या भावात त्यातले किती उतरते हे व्यापाऱ्याच्या मर्जीवर राहते.

नेपाळचे तेल आणि श्रीवर्धनची सुपारी

आतापर्यंत पाहिले ते कराराच्या दुबळेपणाचे प्रकार. आता जेथे तो बलवान आहे तेथे पाहू, कारण तेथील चित्र अधिक चमत्कारिक आहे. नेपाळमध्ये पामची शेती नाही. तरीही २०१९ मध्ये नेपाळ भारताला शुद्ध पामतेल विकणारा मोठा देश बनला. परदेशातून कच्चे तेल आणायचे, त्यावर प्रक्रिया करायची आणि 'साफ्टा'च्या शून्य शुल्काने भारतात धाडायचे, असा हा व्यवहार होता. ८ जानेवारी २०२० रोजी भारताने शुद्ध पामतेलाची आयात 'प्रतिबंधित' वर्गात टाकली तेव्हा त्याला काही आळा बसला. पुढे १३ सप्टेंबर २०२४ रोजी, सोयाबीनला भाव मिळावा या जाहीर हेतूने, भारताने कच्च्या खाद्यतेलावरील मूळ शुल्क शून्यावरून २० टक्के आणि शुद्ध तेलावरील १२.५ टक्क्यांवरून ३२.५ टक्के केले. अधिभार धरून शुद्ध तेलावरील एकूण शुल्क ३५.७५ टक्के झाले. ज्या दिवशी ही भिंत उंच झाली त्याच दिवशी नेपाळच्या फटीची किंमतही वाढली. पुढील महिन्यांत सोयातेल ही नेपाळच्या निर्यातीतील अग्रगण्य वस्तू बनली. त्याच हंगामात लातूर व विदर्भातील सोयाबीन ४,८९२ रुपयांच्या हमीभावाखाली विकले जात होते. शेतकऱ्यासाठी उभारलेल्या भिंतीतून तेल झिरपत राहिले आणि पुढे ३० मे २०२५ रोजी कच्च्या तेलावरील मूळ शुल्क १० टक्क्यांवर आणले गेले तेव्हा ती भिंतही खचली.

सोयाबीनच्या भावाचा सगळा भार एकट्या नेपाळी तेलावर टाकणे अतिशयोक्ती ठरेल. देशात येणाऱ्या एकूण खाद्यतेलाच्या मानाने ही वाट अरुंदच होती, आणि पेंडीची घटलेली मागणी हेही सोयाबीन पडण्याचे एक कारण होते. मुद्दा प्रमाणाचा नाही, तत्त्वाचा आहे. मालाचे मूळ ठरवण्याच्या सर्वसाधारण नियमानुसार प्रक्रियेनंतर वस्तूचा चार अंकी शुल्कवर्ग बदलावा लागतो आणि ठराविक मूल्यवृद्धी व्हावी लागते. कच्चे व शुद्ध सोयातेल दोन्ही १५०७ या एकाच वर्गात मोडतात. तेव्हा नुसते शुद्धीकरण करून तेल नेपाळचे कसे ठरते, हा तेलउद्योगाचा सवाल रास्त आहे. २०२० च्या सप्टेंबरपासून लागू झालेल्या मूळप्रमाणन नियमांनी आयातदारावर पुराव्याची जबाबदारी टाकली ती याच अनुभवातून. येथे वायनर यांच्या परिभाषेत न बसणारी एक गोष्ट घडते. व्यापार शेजाऱ्याकडे वळलेलाच नाही. तिसऱ्याच देशाचा माल शेजाऱ्याचे नाव लावून आला. नेपाळच्या तराईतील तेलबियांच्या शेतकऱ्याला यातून दमडीही मिळाली नाही.

हाच प्रकार आमच्या जिल्ह्याला अधिक जवळचा आहे तो सुपारीच्या रूपाने. महाडहून माणगाव-म्हसळामार्गे श्रीवर्धनला उतरले की रोठा सुपारीच्या वाड्या लागतात. ३ जून २०२० च्या 'निसर्ग' चक्रीवादळाने या वाड्यांची दाणादाण उडवली. पोफळ नव्याने लावली तर उत्पन्न हाती येण्यास सहा-सात वर्षे जातात. इतक्या दीर्घ मुदतीच्या पिकाला पुढचा बाजार कसा असेल याचा अंदाज हेच खरे संरक्षण. भारताचे सुपारीवरील सर्वसाधारण आयात शुल्क १०० टक्के आहे; शेजाऱ्यांसोबतच्या करारांनी ते भेदले जाते, आणि आग्नेय आशियातील सुपारी व मिरी श्रीलंकेच्या नावावर येते अशी बागायतदारांची जुनी तक्रार आहे. शासनाने करार बदलला नाही. त्याऐवजी किमान आयात मूल्याची मेढ ठोकली. मिरीसाठी २०१७ च्या डिसेंबरात किलोमागे ५०० रुपये, सुपारीसाठी २०२३ च्या फेब्रुवारीत २५१ वरून ३५१ रुपये. भूतानच्या १७ हजार टन ओल्या सुपारीला २०२२ मध्ये या अटीतून वगळण्यात आले. करार एका हाताने देतो, अधिसूचना दुसऱ्या हाताने काढून घेते आणि तिसऱ्या अधिसूचनेने पुन्हा थोडे दिले जाते. वाडी लावणाऱ्याने यातल्या कोणत्या हाताकडे पाहून रोप लावावे?

निश्चिती कोणाला मिळते

निश्चितीचे मोल भारत शासनास ठाऊक नाही असे म्हणता येणार नाही. २०२१ मध्ये भारताने म्यानमारशी सामंजस्य करार करून २०२१-२२ ते २०२५-२६ अशी पाच वर्षे दरवर्षी अडीच लाख टन उडीद आणि एक लाख टन तूर घेण्याचे मान्य केले. पूर्व आफ्रिकेतील मोझांबिक व मलावी यांच्याशीही असेच ठराव झाले. भारत ग्राहक असतो तेव्हा डाळीचा पुरवठा पाच वर्षे आधी निश्चित करून घेतो. तळीयेच्या घरातील वरणाला त्यातून काही आधार मिळाला असेल, तर त्याचे स्वागतच करायला हवे. ब्रह्मी शेतकऱ्याला पाच वर्षांची मागणी ठाऊक असते आणि मराठवाड्यातील तूर-उत्पादकाला पुढच्या हंगामातले आयातधोरणही ठाऊक नसते, ही विसंगती मात्र लपत नाही.

बांगलादेशाने भारताकडे मागितले ते नेमके हेच. २०२२ च्या डिसेंबरात दोन्ही देशांच्या वाणिज्यमंत्र्यांची दिल्लीत भेट झाली तेव्हा तांदूळ, गहू, साखर, कांदा, आले, लसूण यांसाठी वार्षिक कोटा ठरवून द्यावा, टंचाईतही तेवढा माल अडवू नये, अशी मागणी ढाक्याने मांडली. प्रस्तुत लेखकाच्या दृष्टीने दक्षिण आशियाच्या कृषिव्यापारात गेल्या दोन दशकांत पुढे आलेली ही सर्वांत समंजस सूचना आहे. ती शुल्काबद्दल बोलत नाही. नाशिकच्या शेतकऱ्याच्या संघटनांनी तिला उचलून धरायला हवे होते. पण मुक्त व्यापार करार म्हणजे शेतकऱ्याचा घात, एवढ्या सरसकट भूमिकेत त्या अडकून पडल्या. शहरी भाष्यकारांनी तिच्याकडे पाहिले ते देशाचा कांदा परक्याला राखून ठेवण्याची मागणी म्हणून. एका हंगामात येथे भाव चढला असतानाही ठरलेला माल सीमेपार जाईल, ही त्या सूचनेची किंमत आहे, आणि ती तळीयेच्या ग्राहकाला काही आठवडे मोजावी लागेल. हे उघडपणे सांगितले पाहिजे. त्याच्या बदल्यात संत्र्यावरील नियामक व पूरक शुल्काला पाच वर्षांची मर्यादा बांधून घेता आली असती.

ही मागणी कलमात उतरली नाही. दोन देशांतील सर्वंकष आर्थिक भागीदारी कराराचा संयुक्त अभ्यास २०२२ मध्ये पुरा झाला होता. ऑगस्ट २०२४ मधील ढाक्यातील सत्तांतरानंतर संबंध विरजले आणि २०२५ च्या एप्रिल-मेमध्ये दोन्ही बाजूंनी भूसीमांवरून होणाऱ्या काही मालाची वाहतूक रोखली. सार्कची शिखर परिषद तर २०१४ च्या काठमांडूनंतर भरलेलीच नाही. तरीही विषय मिटलेला नाही. अल्पविकसित देशांच्या गटातून बाहेर पडण्यासाठी बांगलादेशाला संयुक्त राष्ट्रांनी २४ नोव्हेंबर २०२६ ही तारीख ठरवून दिली होती. तो गट सुटला की 'साफ्टा'तील खास सवलतींचा आधारही सुटतो आणि नव्या कराराच्या वाटाघाटीला बसणे दोघांनाही भाग पडते.

त्या वेळी मसुद्यात एकच कलम नव्याने घालता आले तर ते पूर्वसूचनेचे असावे, आणि तिची मुदत दिवसांत न मोजता पिकाच्या हिशेबाने मोजावी. कांद्यापुरते बोलायचे तर रोप टाकण्याच्या दिवशी जो नियम होता तो निदान त्या रोपाचा कांदा विकला जाईपर्यंत, म्हणजे उन्हाळी पिकाला चाळीतले महिने धरून जवळजवळ वर्षभर आणि लाल कांद्याला त्याच्या निम्म्याहून कमी काळ, बदलता येऊ नये. दोन कांद्यांसाठी दोन मुदती लिहाव्या लागतील. मसुदा करणाऱ्यांना हे किचकट वाटेल. लासलगावच्या बाजार समितीतील कोणताही हमाल त्यांना तो फरक सांगू शकेल.